नाव गुप्त राहील

बाळकुमच्या नव्या टॉवरमध्ये नळाला कसं गढूळ पाणी येतंय, त्याचे फोटो सोशल मीडियावरचं एक निनावी पेज रोज टाकत होतं. बिल्डरसाहेब भडकले. ऑफिसातल्या हेमांगीला आपल्या कॉम्प्युटरपुढे बसवून म्हणाले, "तुला यातलं कळतं ना? कर तक्रार, माझ्यासमोर."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! पेज तिचंच होतं. फोटो खरे आहेत, सोशल मीडियाची कंपनी पेज कशाला काढेल, एवढ्या भरवशावर तिने बटण दाबलं.

लगेच उत्तर आलं, "पेज बंद केलं आहे. तक्रार करणाऱ्याचं नाव आम्ही गुप्त ठेवतो."

पर्समध्ये तिचा मोबाइल थरथरला. तिने चोरून पाहिलं.

"तुमचं पेज बंद झालं आहे. पुन्हा सुरू करायचं असल्यास आधी खरं नाव जाहीर करा."