ओलीस

"तीन तास झाले. जागची हलूसुद्धा देत नाहीये तिला." शेरीफ अमंडसननं दुर्बीण खाली घेतली.

हॉलिसनं ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीत शेल्बी दिसत होती. टेबलाशी ताठ बसलेली, दोन्ही हात टेबलावर. समोर तिचा धाकटा भाऊ ट्रेंट. त्यानं पिस्तूल उचलून धरलं होतं, पण पिस्तुलाचं तोंड कुणीकडे आहे ते खिडकीच्या चौकटीआड जात होतं.

शेल्बी एकेकाळची हॉलिसची बायको. फौजेत हॉलिस सार्जंट होता, तेव्हा ट्रेंट त्याच्याच तुकडीतला शिपाई. त्या पोराला हॉलिसनं दोनदा मरणाच्या दारातून ओढून घरी आणलं होतं. आणि आज मोंटानातल्या या उघड्या माळावर, शेरीफच्या गाडीआड गुडघे टेकून तो नुसता बघत होता.

सकाळी शेजारीण आली, तिनं खिडकीतून हे पाहिलं आणि धावत जाऊन शेरीफला कळवलं. शेरीफनं घरी फोन लावला, तो शेल्बीनंच उचलला. "आत कुणी येऊ नका," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. ट्रेंटनं पढवलेलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. मग हॉलिसला निरोप गेला. तो शेजारच्या काउंटीत विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. नव्वद मैल गाडी कशी हाकली, ते त्याचं त्याला आठवत नव्हतं.

"शहरातून नेमबाज निघालाय," शेरीफ म्हणाला. "पाच-दहा मिनिटांत पोचेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"ट्रेंट तिला काही करणार नाही."

"तुला रे काय माहीत? सात वर्षांत या घराचा उंबरा तरी ओलांडलास का?"

सात वर्षांपूर्वी एका सकाळी हॉलिस बॅग उचलून याच घरातून निघाला होता. शेल्बी दारात उभी होती. का चाललास, असं तिनं विचारलं नव्हतं. सुटली बिचारी, अशी त्यानं मनाची समजूत घातली. फौजेतून आलेला, घुम्या, झोपेत किंचाळणारा नवरा कुणाला हवा असतो? तरी दर वर्षी, गायी व्यायच्या दिवसांत, तो एकदा इकडे गाडी काढायचा. वळणावरून छप्पर बघायचा आणि मागे फिरायचा.

गोठ्यात एक वासरू केव्हाचं हंबरत होतं. त्याला बघायला कुणी गेलं नव्हतं.

हॉलिसनं कोट काढून गाडीच्या टपावर टाकला. दोन्ही हात वर केले आणि चालायला लागला.

"हॉलिस! डोकं फिरलंय का तुझं? मागे ये!"

"तुमच्या माणसांना बंदुका खाली घ्यायला सांगा, शेरीफ. दुसरं काही करू नका."

साठ-सत्तर पावलांचं अंगण. त्यानं याहून वाईट वाटा तुडवल्या होत्या. पण तिथं करण्यासारखं काहीतरी असायचं. हुकूम सोडायचा, आडोसा धरायचा, गोळी झाडायची. इथं त्याला पुढचं पाऊल टाकण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

दार आतून बंद असेल म्हणून त्यानं खांदा लावला. ते नुसत्या धक्क्यानं उघडलं. कडी लावलेलीच नव्हती.

पिस्तुलाचं तोंड ट्रेंटच्या स्वतःच्या हनुवटीखाली होतं.

"सार्जंट," ट्रेंटचा आवाज पार बसला होता, "हिला घेऊन जा हो बाहेर. सकाळपासून सांगतोय, जा म्हणून. दार उघडंच आहे. पण ऐकतच नाही. हिच्यासमोर मला जमत नाहीये."

शेल्बीनं हॉलिसकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे भावावरून ढळत नव्हते. "मी कुठंही जाणार नाही, ट्रेंट. तुला बसायचं तेवढं बस."

हॉलिसला सार्जंटचे सगळे शब्द पाठ होते. त्यातला एकही तोंडातून फुटेना. शेवटी त्यानं खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. बाहेर एक गाडी येऊन थांबली. तिचं दार आपटलं. नेमबाज आला होता.

"मीही असाच बसलो होतो, ट्रेंट." आवाज आपलाच आहे, हे त्याला खरं वाटेना. "इथंच, गॅरेजमध्ये. तासभर. आजवर कुणाला बोललो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी घर सोडलं."

ट्रेंटनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही?"

"हो रे. मी."

मग ट्रेंटचा हात हळूहळू खाली आला. शेल्बीनं त्याच्या बोटांतून पिस्तूल सोडवून घेतलं आणि ट्रेंट टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडू लागला.

शेरीफनं त्याला स्वतः खांद्याला धरून बाहेर नेलं. गाडीत बसवून दवाखान्यात घेऊन गेला. बाकीची माणसंही गाड्यांकडे वळली. शेल्बी अजून तिथंच बसून होती. तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. हॉलिसनं हात पुढे केला. तिनं तो घट्ट धरला, पण उठली नाही.

"त्याची गोळी तुला लागली असती," तो म्हणाला. "बाहेरच्यांचीही लागली असती. दार उघडं होतं, शेल्बी. का नाही उठलीस?"

"तू गॅरेजमध्ये बसला होतास ना, तेव्हा मी दारापर्यंत आले होते, हॉलिस," ती म्हणाली. "फटीतून सगळं पाहिलं, आणि घाबरून मागे फिरले."