काकूंची पाळी

"ते बुद्धिबळ काढून टाक," काका म्हणाले. "अर्धा डाव बघवत नाही."

डाव काका-काकूंचा. कॉम्प्युटर फक्त पट सांभाळायचा. खेळी दोघं करत, रोज एकेक. काकू डावखुऱ्या, त्यामुळे पाळी आली की माउस कीबोर्डच्या डावीकडे नेत. त्यांची पाळी आली आणि त्या गेल्या. त्याला तीन वर्षं झाली.

मी आधी बॅकअप घेतला, मग प्रोग्रॅम काढणारं टूल चालवलं. पाच जुने प्रोग्रॅम मुकाट गेले. बुद्धिबळापाशी संदेश आला: 'हा प्रोग्रॅम वापरात आहे. आधी बंद करा.'

स्क्रीनवर दुसरं काहीच उघडं नव्हतं. मी खेळ उघडला. काकूंचा पांढरा घोडा पुढे येऊन काकांच्या वजिरावर टपला होता.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि ते पोट धरून हसले. "तीन वर्षं विचार करत होती बाई. राहू दे गं, काढू नकोस."

त्यांनी वजीर वाचवला, माउस सोडला आणि ते खुशीत मागे रेलले. माझे हात मांडीवर होते.

माउस कीबोर्डला वळसा घालून डावीकडे निघाला.