जीप फाट्यावर थांबली तेव्हा

कुरुंद्याच्या फाट्यावर हळद काढणाऱ्या बाया मंडप टाकून बसल्या होत्या. गड्यांच्या बराबरीनं राबतो, तर मजुरीही बराबर द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. मालक ऐकायला तयार नव्हते आणि हळद रानातच पडून होती. त्या सकाळी मालकांनी हळद काढायला बोलावलेल्या सेनगावाकडच्या बायांनी भरलेली जीप येताना दिसली, तेव्हा मंडपात पुढं बसलेली चंद्रभागाबाई उठून उभी राहिली. आता आपल्यावाचून कुणाचंच अडणार नव्हतं.

"अडवा गं तिला!" मागून कुणीतरी ओरडलं.

चंद्रभागाबाई रस्त्यावर आली, जीप थांबली. पण पुढं बसलेल्या म्हातारीचे सुकलेले ओठ पाहून तिच्या तोंडून भांडण काही निघेना. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "लांबून आल्या. आधी पाणी प्या."

पाणी पिऊन म्हातारीनं विचारलं, "काहून बसल्या व्हो तुमी इथं?"

"गड्यांइतकी मजुरी पायजे म्हणून. काम तर आमी बी तेवढंच करतो."

"आमच्याकडं बी असंच हाय," असं म्हणून म्हातारीनं मागं वळून पाहिलं. जीपमधल्या बाया कान देऊन ऐकत होत्या. मग ती खाली उतरली. तिच्यामागं एकेक करत सगळ्याच उतरल्या.

ड्रायव्हर कावला. "मावशे, मालक वाट पाहून राहिला! अजून किती वेळ?"

चंद्रभागाबाईनं सरकून दिलेल्या जागेवर म्हातारी ऐसपैस बसली.

"ते मालकालाच इचार, बाबा."