एका रांगेत

"ताई, दोन्ही हातांनी नारळ घ्या ना, फोटो छान येईल," निवेदिका म्हणाली. हॉस्पिटलच्या व्यासपीठावर कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा सत्कार चालला होता. शेवंताबाईंनी डावाच हात पुढे केला. स्तनाच्या ऑपरेशनपासून उजवा हात सुजून खांबासारखा झाला होता. भाकरी थापणंही सुटलं होतं.

त्या हातासाठी आठ महिने त्यांनी इथेच चपला झिजवल्या होत्या. सर्जननी केमोवाल्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी रेडिएशनवाल्यांकडे, आणि त्यांनी परत सर्जनकडे. आज तिघेही व्यासपीठावर एका रांगेत, छातीला बिल्ले लावून टाळ्या वाजवत बसले होते.

"दोन शब्द बोला," निवेदिकेने माईक पुढे केला.

"बोलते की." शेवंताबाईंनी प्रमुख पाहुण्यांची रिकामी खुर्ची ओढली आणि तिघांच्या समोर बसून नारळाशेजारी तो हात टेबलावर ठेवला. "बाईचा सत्कार झाला. आता हा हात तुमच्यातल्या कोणी बघायचा, ते माझ्यादेखत ठरवा. आज पहिल्यांदा तिघं एकत्र सापडलात."

"ताई, बाकीचे सत्कार खोळंबलेत," निवेदिका कुजबुजली.

"खोळंबू देत," त्या माईकवरच म्हणाल्या. "मी आठ महिने खोळंबले."