बाळ कसं आहे?

“बाळ कसं आहे?” पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या प्रतिभा मॅडमनी फोनवर विचारलं.

“बरी हाय,” भाग्यश्री म्हणाली. “आता धरून धरून चालती.”

तिचा नवरा नागसेन कारखान्यात निघाला होता. बुटाची नाडी बांधता बांधता त्याचा हात थांबला. त्यांची लेक जाऊन वर्ष होत आलं होतं. तिला दूध पचेना, अंग गळून जायचं. दुखणं उपजतच होतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

शिरूरला बाळंतपण झालं तेव्हा प्रतिभा मॅडमनी तिची नाळ मागून नेली होती. नाळेतल्या पेशी बाटलीत वाढवायच्या. त्या पेशी डोळ्यांना न दिसणारे थेंब बाहेर सोडतात, एक्झोसोम म्हणतात त्यांना. ते गोळा करायचे आणि भाजलेल्या माणसांच्या जखमा त्यांनी भरतात का ते बघायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. आता पहिल्या रुग्णाला औषध द्यायची वेळ आली होती. त्याआधी बाळ धडधाकट आहे ना, एवढी खात्री हवी होती. नसेल, तर तिचं दुखणं पेशींतही असू शकतं, म्हणून त्या सगळ्या नष्ट करणं भाग होतं.

फोन झाल्यावर नागसेन रागावला नाही. खोलीच्या उंबऱ्यात बसून राहिला.

“तिथं तिचं कायतरी जितं हाय,” भाग्यश्री म्हणाली. “ते बी मीच मारू का?”

मागं कारखान्यात त्याच्या खात्यातला एकजण भट्टीपाशी भाजला होता. नागसेन त्याला दवाखान्यात बघून आला होता. “त्या भाजलेल्यालाबी आई असंल,” एवढंच तो म्हणाला आणि कामावर गेला.

त्या दिवशी कारेगावातल्या त्यांच्या खोलीवर दिवेलागण व्हायच्या आत भाग्यश्रीनं आपणहून फोन लावला.

“मॅडम, मी खोटं बोलले. माझी पोर गेली.”

मॅडमनी आजाराचं हळूहळू विचारून घेतलं. औषध अजून कुणाला दिलेलं नाही, असं सांगितलं. भाग्यश्रीनं एकच मागणं केलं. पेशी नष्ट कराल तेव्हा मला बोलवा.

मॅडमनी बोलावलं. दोघं पुण्याला गेली. आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून काचेबाहेर उभी राहिली. मॅडमनी एक बाटली काचेजवळ आणून धरली. आत गुलाबी पाणी होतं, दुसरं काही दिसत नव्हतं. त्यांनी भाग्यश्रीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मॅडमनी बाटलीत पेशी मारणारं रसायन ओतलं आणि बघता बघता गुलाबी रंग उडून गेला. नागसेननं तोंड फिरवलं.

नागसेनच्या गावी, राहूला, पोरीला माती दिली तेव्हा बायांनी भाग्यश्रीला घरातच धरून ठेवलं होतं. आज तिला कुणी धरलं नव्हतं. लेकीला निरोप द्यायला ती शेवटपर्यंत उभी राहिली.