पास झालेली लेन्स

नव्या मऊ पॉलिमरची, घडी होणारी लेन्स आधी माणसांवर तपासून पाहायची होती. तेव्हा केनवडच्या मोतीबाईंच्या उजव्या डोळ्यात ती फुकट बसवली गेली. लेन्स पास झाली, बाजारात आली. यंदा डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला, म्हणून त्या त्याच दवाखान्यात आल्या.

"मले तेच भिंग पायजे, भाऊ. त्या डोयानं गव्हातला खडा दिसते."

"ते आता लय महाग हाय, आजी. तुमाले योजनेतलं साधं भेटन," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"मंग तवा माहाच डोया कसा चालला तुमाले?"

"तवा ते चांगलं हाय का नाई, कोणाले मालूम होतं?"

गोंदलेल्या कपाळावर पदर ओढून मोतीबाई बाजूला सरल्या. त्यांच्या मागे रिसोडचे एक अडते उभे होते. नवी लेन्स डोळ्यात घ्यायला ते कचरत होते.

"बिनधास्त घ्या, शेठजी," भिंतीवरच्या जाहिरातीकडे बोट दाखवत काउंटरवरचा माणूस म्हणाला. "खेड्यातल्या या आजीसुद्धा हीच लेन्स वापरतात."



जाहिरातीत हसणाऱ्या आजीच्या कपाळावर मोतीबाईंचं गोंदण होतं.