पडद्यातली आई

नोकरीच्या पहिल्याच दिवशी खोपकर सरांनी वृंदाला तिचंच घरातलं चित्रण संपादनाला दिलं. कामावर जाणाऱ्या बायकांसाठी त्यांचा स्टुडिओ 'घरची आई' बनवत असे. खरी आई बाहेर पडली की ती घरच्या पडद्यावर यायची. मुलांना भरवायला मावशी असत, बोलायला ही.

"आधी स्वतःवर हात बसव," सर म्हणाले. "गिऱ्हाईक तक्रार करणार नाही."

वृंदानं जांभया कापल्या. "थांब गं जरा" कापलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं एकेक फ्रेम घेऊन पुसली.

"हात आहे तुझ्याकडे," सर म्हणाले. "उद्यापासून कायम."

काही महिन्यांनी एका संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा तिची तीन वर्षांची लेक रेवा पडद्याशी हसत गप्पा मारत होती. वृंदानं पडदा बंद करून तिला मांडीवर घेतलं. रेवा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग फ्रॉकचं टोक थुंकीनं ओलं करून तिनं आईच्या डोळ्यांखाली घासलं. बराच वेळ घासलं.

"जातच नाहीये," ती म्हणाली. "ती आई लाव ना."

वृंदानं पडदा लावला आणि लेकीच्या मागे बसून कुठं चूक दिसते का ते शोधू लागली. काम चोख झालं होतं.